लोखंडाचे काळे लेणे

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेतील एका भाषणाचा मजकूर)



मंडळाच्या या व्यासपीठावर आजवर संतवाङ्मयावर भाषणे झाली, नाट्यसंगीतावर झाली, इतिहासावर तर पुष्कळच झाली. त्या पंगतीत ‘लोखंड काळे कसे करतात’ हा विषय मांडणे म्हणजे केशरी भाताच्या पानात मूठभर खिळे वाढण्यासारखे आहे, असे कोणास वाटल्यास आम्ही त्यांना दोष देणार नाही. परंतु जबलपूरच्या मराठी समाजाला हा विषय परका खासच नाही. येथील तोफगाड्यांचा कारखाना १९०४ सालचा, लष्करी वाहनांचा १९६९ सालचा. अशा कारखान्यांच्या निमित्ताने कितीतरी मराठी कुटुंबे या नर्मदाकाठी येऊन स्थिरावली. कामावरून परतलेल्या वडिलांच्या बोटांच्या पेरांत उरलेला काळा डाग आणि त्यांच्या कपड्यांना येणारा तेलाचा वास हा आपल्यापैकी अनेकांच्या बालपणाचा भाग आहे. त्या काळ्या डागामागे केवढे शास्त्र आणि केवढी जोखीम असते, हे आज थोडक्यात सांगावे, असा आमचा हेतू आहे.

प्रथम एक गैरसमज दूर करू. काळा बोल्ट, काळे स्प्रिंग, बंदुकीची काळी नळी किंवा ड्रिलचे काळे पाते पाहिले म्हणजे त्यावर काळा रंग दिला आहे, असे सामान्यतः वाटते. रंग हा बाहेरून चढवतात. जस्ताचा किंवा निकेलचा मुलामाही बाहेरूनच चढतो. आम्ही ज्या काळेपणाविषयी बोलत आहोत, तो मात्र त्या लोखंडाच्याच अंगातून तयार होतो. कारखान्यातील बोलीत त्यास ‘ब्लॅकोडायझिंग’ असे नाव पडले आहे.

लोखंडाला ओलावा आणि हवा मिळाली की ते गंजते, हे सर्वांना ठाऊक आहे. खाणीत ते प्राणवायूशी जखडलेले असते. भट्टीत प्रचंड उष्णता खर्चून आपण ते सोडवून घेतो. आणि संधी मिळताच ते पुन्हा प्राणवायूकडे धाव घेते. तांबडा गंज म्हणजे लोखंड, प्राणवायू आणि पाणी यांचे संयुग. हे संयुग मूळ धातूपेक्षा अधिक जागा व्यापते. म्हणून ते फुगते, त्याचे पोपडे सुटतात, त्या फटींतून ओल आत शिरते आणि खालचे लोखंड कुरतडले जाते. परंतु लोखंड व प्राणवायू यांचेच आणखी एक संयुग आहे. त्यात लोखंडाच्या तीन अणूंमागे प्राणवायूचे चार अणू असतात. निसर्गात ते लोहचुंबकाच्या दगडाच्या रूपाने सापडते आणि शास्त्रज्ञ त्यास मॅग्नेटाईट म्हणतात. हे काळेभोर, दाट आणि धातूला घट्ट बिलगून राहणारे असते. म्हणजे लोखंडाचा वैरी आणि त्याचा रखवालदार हे दोघे एकाच कुळातले भाऊबंद आहेत! लोखंडाला तांबड्या वाटेने जाऊ न देता काळ्या वाटेने वळवावयाचे, हे या साऱ्या विद्येचे सूत्र होय.

याचे सर्वांत बोलके उदाहरण बंदूक बनविणाऱ्या जुन्या कारागिरांच्या कामात दिसते. ते घासूनपुसून लखलखीत केलेल्या नळीला सौम्य आम्लयुक्त द्रावण लावीत आणि ती दमट जागी काही तास ठेवीत. नळीवर तांबूस गंजाची बारीक लव उगवे. हा गंज घासून टाकण्याऐवजी ते ती नळी तशीच स्वच्छ पाण्यात उकळीत. उकळत्या पाण्यात तो तांबडा गंज मखमलीसारखा काळा होत असे. मग वरची सुटी भुकटी तारेच्या बारीक ब्रशाने झाडावयाची, पुन्हा गंजू द्यावयाचे, पुन्हा उकळावयाचे. असे अनेक फेरे झाले म्हणजे नळीवर निळसर झाक असलेला गहिरा काळा थर बसे. या कामाला दिवसच्या दिवस लागत. उंची दुनळी बंदुकांसाठी ही रीत आजही वापरली जाते. दोन नळ्या जेथे कथिल-शिशाच्या डाकाने जोडलेल्या असतात, तेथे आधुनिक टाकीतील दाहक द्रावण तो डागच खाऊन टाकते, हे त्याचे कारण.

दुसरी वाट वाफेची. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लाव्हाझिये याने १७८०च्या दशकात एक प्रसिद्ध प्रयोग केला. तापवून लाल केलेल्या बंदुकीच्या नळीतून त्याने वाफ सोडली. लोखंडाने वाफेतील प्राणवायू हिरावून घेतला आणि दुसऱ्या टोकाने हायड्रोजन बाहेर पडला. पाणी हे मूलद्रव्य नसून संयुग आहे, हे पटविण्यासाठी त्याला या प्रयोगाचा उपयोग झाला. पुढे एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धात इंग्लंडमध्ये बार्फ आणि बोअर यांनी याच क्रियेवर लोखंडाला गंजापासून राखण्याच्या पद्धती उभारल्या. आजही ड्रिलची पाती सुमारे ५०० अंश सेल्सिअसच्या पुढे तापवून वाफेत काळी करतात. लोहभुकटी दाबून व भाजून केलेल्या सुट्या भागांनाही हाच उपचार देतात. तेव्हा त्यांच्या अंगातील सूक्ष्म छिद्रे त्या काळ्या संयुगाने बुजतात. मात्र वाफेचे तापमान ५७० अंशांच्या वर गेले, तर मॅग्नेटाईटच्या जोडीने दुसरेच एक ऑक्साइड जन्मू लागते आणि थराचा दर्जा बिघडतो.

तिसरी आणि आज कारखान्यांतून सर्वाधिक रूढ असलेली वाट म्हणजे उकळत्या क्षारांची टाकी. कॉस्टिक सोडा, सोडियम नायट्रेट आणि सोडियम नायट्राइट यांचे अतिशय दाट द्रावण पोलादी टाकीत उकळत ठेवतात. साधे पाणी १०० अंशांना उकळते. पण हे द्रावण इतके दाट असते की ते १४० अंशांच्या आसपास उकळते. वस्तू त्यात दहा मिनिटांपासून अर्ध्या तासापर्यंत ठेवली की तिच्या पृष्ठभागाचेच मॅग्नेटाईट बनते. या टाकीची एक गंमत आहे. पाण्याची वाफ होऊन द्रावण दाट होत गेले की त्याचा उत्कलनबिंदू चढतो. पाणी घातले की उतरतो. म्हणून मुरलेला कारागीर थर्मामीटरवरूनच द्रावणाची दाटी ओळखतो. तापमान फार चढले तर माल काळा न होता तांबूस-तपकिरी होतो. फार उतरले तर काळेपणा धरतच नाही. बिडाच्या वस्तू, विशेषतः ज्यांत सिलिकॉन अधिक असते त्या, अशाही तांबूस छटा दाखवितात. स्टेनलेस स्टीलला निराळे द्रावण लागते. आणि ॲल्युमिनियमची वस्तू चुकून पडली, तर ती हायड्रोजनचे बुडबुडे सोडीत विरघळू लागते.

टाकीच्या आधीचे व नंतरचे काम टाकीइतकेच महत्त्वाचे. आधी वस्तूवरील तेलाचा अंशही उरता कामा नये. गंज वा पापुद्रा असेल तर तो आम्लाने उतरवावा लागतो. मध्ये स्वच्छ पाण्याने धुणे आलेच. नंतर थंड पाणी, मग गरम पाणी आणि शेवटी पाणी हुसकावून लावणारे तेल. आंधळ्या भोकांत व सांध्यांत क्षार अडकून राहिले, तर काही दिवसांनी तेथे पांढरी फुले उमलतात आणि गिऱ्हाइकाकडून माल परत येतो. धुण्यात केलेली काटकसर अशी महागात पडते.

हे सारे करून मिळते काय? थराची जाडी सामान्यतः अर्ध्या ते दीड मायक्रॉनच्या घरात. आणि एक मायक्रॉन म्हणजे मिलिमीटरचा हजारावा भाग. पृष्ठभागावरचे लोखंडच थरात रूपांतरित होत असल्यामुळे वस्तूचे माप व्यवहारतः बदलत नाही. नट-बोल्टच्या आट्यांवर जस्ताचा पाच-दहा मायक्रॉनांचा मुलामा दिला तर आटे घट्ट होण्याचा प्रश्न उभा राहतो. काळ्या बोल्टाला ती अडचण नाही. वीजेच्या साह्याने मुलामा देताना पोलादात हायड्रोजन शिरतो आणि अतिशय कणखर बोल्ट त्यामुळे ठिसूळ होऊन ताणाखाली अकस्मात तुटू शकतात. काळे करण्याच्या टाकीत हा धोका नसतो. मात्र त्याआधीच्या आम्लाच्या धुण्यात तो असतो, म्हणून असे बोल्ट आम्लाऐवजी अन्य उपायांनी स्वच्छ करणे श्रेयस्कर. शिवाय १४० अंशांची उष्णता पोलादाच्या कठीणपणाला बाधत नाही. आपल्या लोहाराच्या भाषेत, हत्याराला दिलेले पाणी उतरत नाही. आणि काळा पृष्ठभाग चकाकत नाही, म्हणून मोजमापाची हत्यारे वाचताना आणि बंदुकीचा नेम धरताना डोळे दिपत नाहीत.

येथवर या काळ्या लेण्याची स्तुती झाली. आता त्याची मर्यादा सांगितली पाहिजे. कारण व्यवहारात फसगत होते ती येथेच. हा काळा थर एकटा लोखंडाला गंजापासून फारसा वाचवू शकत नाही. तो अतिशय पातळ असतो आणि त्यात डोळ्यांना न दिसणारी छिद्रे असतात. तेल न लावलेला काळा तुकडा मिठाच्या फवाऱ्याच्या चाचणीत ठेवला तर काही तासांतच त्यावर तांबडे ठिपके उमटतात. तोच तुकडा चांगल्या तेलात किंवा मेणात बुडवून काढला, तर कित्येक पट अधिक टिकतो. काळ्या थराचे खरे सामर्थ्य तेल धरून ठेवण्यात आहे. गुळगुळीत पोलादावरून जे तेल ओघळून जाते, ते त्याच्या सूक्ष्म छिद्रांत मुरते. म्हणून ‘काळे केले आहे, आता चिंता नाही’ असे म्हणून कोरडी हत्यारे पेटीत ठेवणाऱ्याच्या पदरी पावसाळ्याअखेर तांबडा गंजच पडतो. घामट हाताचा एक ठसाही पुरेसा होतो. हे लेणे एकदा अंगावर चढवून विसरता येत नाही. ते वरचेवर पुसावे लागते, त्यास तेल द्यावे लागते.

बाजारात ‘थंड ब्लॅकनिंग’ या नावाने आणखी एक प्रकार मिळतो. त्यात भट्टी नको, उकळणे नको. बाटलीतील द्रावणात वस्तू बुडविली की काही क्षणांत काळी. तापवून केलेल्या कामाच्या बरोबरीचे म्हणून ते विकले जाते, पण ते मॅग्नेटाईट नव्हे. त्या द्रावणात बहुधा सेलेनियमचे व तांब्याचे क्षार असतात आणि वस्तूवर त्यांचे काळे संयुग बाहेरून बसते. जोडकामात खरचटलेला भाग झाकण्यास किंवा टाकीत न मावणाऱ्या एखाद्या मोठ्या वस्तूस ते उपयोगी आहे, त्याबद्दल तक्रार नाही. परंतु ते तितके घट्ट धरत नाही, घासले की उतरते. पांढरे फडके घासून पाहण्याची जुनी युक्ती कामगारांना ठाऊक आहे. मात्र टाकीतील माल नीट धुतला नसला तरीही फडक्यावर काजळी येते, तेव्हा तेवढ्यावरून निकाल देऊ नये. सेलेनियमची संयुगे विषारी आहेत, हेही ध्यानात असावे. बाटलीवर ‘थंड’ लिहिलेले असले म्हणून उघड्या हातांनी ते द्रावण हाताळणे मुळीच सुरक्षित नाही.

आणि आता ज्या गोष्टीसाठी आम्ही हा विषय मुद्दाम निवडला, तिच्याकडे वळतो. काही वर्षांपूर्वी एका लहान कारखान्यात आम्हास बोलावणे आले होते. टाकीचे तापमान १५० अंशांच्या वर गेले होते. नव्याने लागलेल्या विशीतल्या मुलास कोणी सांगितले, ‘पाणी घाल.’ त्याने बादली उचलली आणि एकदम ओतली. इतक्या तापलेल्या द्रावणात पाणी पडताच त्याची तत्क्षणी वाफ होते आणि ती आपल्याबरोबर उकळता कॉस्टिक सोडा उसळवून आणते. त्या मुलाचा चेहरा आणि दोन्ही हात भाजले. जवळच पाण्याचा नळ होता आणि एका वृद्ध फोरमनने त्यास क्षणाचाही विलंब न करता त्याखाली धरले, म्हणून डोळे वाचले. डोळ्यांवरचा चष्मा कारखान्यात होता. पण तो कार्यालयाच्या कपाटात, वेष्टनासह. कपाटाला कुलूप होते.

त्या दिवशी दोष कोणाचा, याची बरीच चर्चा झाली. आमच्या मते तो त्या मुलाचा नव्हता. पाणी घालावयाचे ते थोडेथोडे, दुरून, नळीने, हे त्यास कोणी सांगितलेच नव्हते. कॉस्टिकचे खडे पाण्यात टाकतानाही भयंकर उष्णता निर्माण होते, म्हणून तेही जाळीच्या टोपलीतून सावकाश सोडावे लागतात, हेही सांगितले नव्हते. पोकळ वस्तूत अडकलेले थोडे पाणीदेखील टाकीत उसळी घेते. चेहऱ्यावर पूर्ण आवरण, कोपरापर्यंत रबरी हातमोजे, अंगावर रबरी एप्रन, पायांत बूट आणि हाताशी डोळे धुण्यासाठी वाहते पाणी, या गोष्टी चैनीच्या नाहीत. मोठ्या कारखान्यांत त्या असतात; पण हे काम आज देशभर गल्लीबोळांतील लहान शेडमध्ये चालते आणि तेथे मुलगा कामावर येतो तो पहिल्याच दिवशी चपला घालून टाकीपाशी उभा राहतो. आपल्या परिचयात, नात्यात, शेजारात असा कोणी असेल, तर त्याला एवढे चार शब्द अवश्य सांगावे, ही आमची हात जोडून विनंती आहे.

दुसरी जोखीम टाकीच्या पलीकडची. धुवणाच्या पाण्यात कॉस्टिक आणि नायट्राइट उतरतात. ते तसेच गटारात सोडले तर शेवटी नदीला मिळते. आणि आपण तर नर्मदेचे पाणी पिणारी माणसे. त्या पाण्याचा अल्कपणा घालविण्यासाठी कोणी त्यात सरळ आम्ल ओतू लागला, तर नायट्राइटपासून तांबूस विषारी धूर निघतो, ज्याने फुप्फुसांस इजा होते. म्हणून आम्लाची टाकी आणि काळे करण्याची टाकी यांचे पाणी कधीही एकत्र येऊ देऊ नये आणि धुवणावरील प्रक्रिया जाणकाराकडूनच करवून घ्यावी.

आमच्या भगिनींना हे सारे पुरुषांच्या कारखान्यातले वाटत असेल, तर त्यांनी आपल्या स्वयंपाकघरातील बिडाच्या तव्याकडे पाहावे. नवा तवा घासूनपुसून, तेलाचा पातळ हात फिरवून, धूर येईपर्यंत तापवितात. पुन्हा तेल, पुन्हा ताव. उष्णतेने लोखंडावर काळे ऑक्साइड धरते आणि त्यावर तेल भाजून कडक लेप होतो. आंबोळी घालण्यापूर्वी अर्धा कांदा तेलात बुडवून तव्यावर फिरविणाऱ्या आजीला मॅग्नेटाईटचे नाव ठाऊक नव्हते, पण काळ्या थराला तेल हवे, हे तिला पक्के ठाऊक होते. आणि त्या तव्यात चिंचेचे सार उकळू नये, हेही ठाऊक होते; कारण आंबट पदार्थ तो थर उतरवितो. मात्र येथे एक इशारा देणे भाग आहे. कारखान्याच्या टाकीत काळी केलेली वस्तू स्वयंपाकाला कदापि वापरू नये. तिच्या कानाकोपऱ्यांत कोणते क्षार राहिले असतील, याचा नेम नाही.

आपल्या पूर्वजांना लोखंडाचा काळेपणा आणखी एका मार्गाने परिचित होता. हिरडा आणि हिराकस यांपासून ते काळी शाई करीत. हिराकस म्हणजे लोखंडाचा क्षार. हिरड्यातील टॅनिनशी त्याची गाठ पडली की काळे संयुग बनते. आज गंजलेल्या लोखंडावर लावण्यासाठी जी ‘गंज-परिवर्तक’ द्रावणे मिळतात, त्यांतील अनेकांत हेच टॅनिन असते. ते तांबड्या गंजाला काळ्या, स्थिर लेपात बदलते.

दिल्लीस मेहरौली येथील लोहस्तंभ आपण पाहिला असेल. सात मीटरांहून उंच, सहा टनांहून जड, गुप्तकालीन. तो काळा केलेला नाही. पण गंजाचा स्वभाव पालटला तर काय घडते, याचा तो साक्षीदार आहे. कानपूरच्या आय.आय.टी.तील प्राध्यापक आर. बालसुब्रमण्यम यांनी त्यावर दीर्घ संशोधन केले. त्या लोखंडात फॉस्फरसचे प्रमाण अधिक आहे आणि त्यामुळे पृष्ठभागावर गंजाचाच एक पातळ, दाट, रक्षक थर धरला, असे त्यांनी दाखविले. दिल्लीच्या कोरड्या हवेचेही त्यास साह्य झाले. गंज थांबविण्याऐवजी त्यास योग्य वळण लागले, म्हणून सोळाशे वर्षे तो स्तंभ उभा आहे.

मंडळाच्या पन्नाशीत आम्ही लोखंडाची कथा का सांगितली, असे कोणी विचारील. कारण इतकेच, की आपल्या वाडवडिलांनी या परमुलखात ज्या हातांनी संसार उभे केले, ते हात याच कामाने काळे झाले होते. त्या कामाची ओळख नव्या पिढीस असावी. ज्यांचे हात आजही टाकीपाशी आहेत, ते सुखरूप घरी परतावे. आणि पन्नास वर्षे टिकलेले मंडळही काळ्या बोल्टासारखेच आहे. त्यास अधूनमधून तेलाचा हात लागतो, तो तरुणांनी द्यावा.